लिंबांच्या बागेतले तांबडे दिवे

माझ्या दुकानात काउंटरच्या उजव्या हाताला एक पिवळं फडकं असायचं. गिऱ्हाइकानं रेडिओ आणून ठेवला, की तोंडानं "काय होतंय याला?" असं विचारायचं आणि हातानं फडकं फिरवायचं, ही माझी पहिल्यापासूनची सवय. धूळ, पिठाच्या बोटांचे ठसे, माश्यांचे ठिपके, सगळं दोन मिनिटांत साफ. वस्तू अर्धीअधिक दुरुस्त झाली असं गिऱ्हाइकाला तिथंच वाटायला लागे. आत काय बिघडलंय याचा मला पत्ताही नसे, पण माझ्याविषयी त्याचं मत चांगलं झालेलं असे.

धंद्यातल्या आठवणी लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा रेडिओत निघालेली पाल, बातम्या नीट ऐकू येत नाहीत म्हणून माझ्यावर चिडलेले वकील, ऐन मंगलाष्टकांच्या वेळी मुका झालेला कर्णा, असलं काहीतरी असावं. ते सगळं घडलं, आणि ते सांगून मी पुष्कळांकडून चहा उकळला आहे. आज मात्र त्या फडक्याविषयी लिहितो. त्या फडक्यानं आणि माझ्या जिभेनं मिळून श्रीगोंदा तालुक्यातल्या दोन सख्ख्या भावांमध्ये बिब्बा घातला होता.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. नगरला कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. त्या सुमारास मुंबईहून आलेल्या एका ओळखीच्या माणसानं मला एलईडीचे पाच-सहा नग आणून दिले. हरभऱ्याएवढा तांबडा मणी आणि त्याला दोन पाय, बस्स. चटका नाही, फुटायची भीती नाही, आणि टॉर्चच्या बल्बच्या मानानं सेल अगदी सावकाश उतरतात. आज हे दिवे कुठंही दिसतात, पण तेव्हा लोक माझ्या दुकानाच्या काचेपुढं थांबून ते बघत. मी दोन मणी आलटूनपालटून लुकलुकतील असं सर्किट एका फळीवर मांडून काचेत ठेवलं होतं.

त्या काचेपुढं एके दिवशी एक माणूस अर्धा तास उभा राहिला. पस्तिशीचा, फौजेतून सुटून आलेला, अंगावर तिथलीच विटकी खाकी पँट. शेवटी आत आला आणि म्हणाला, "मिस्तरी, हे मनी सारखं लुकलुकत्यात. पंधरा मिनटं एक आन् मग दुसरा, असं व्हईल का?"

"होईल की. पण कशाला?"

त्याचं नाव भानुदास. श्रीगोंद्याच्या अलीकडं एका वाडीत तो आणि त्याचा थोरला भाऊ रंगनाथ, दोघांची लिंबाची बाग. वर्षापूर्वी वाटण्या झाल्या. त्या अशा झाल्या की विहीर धाकट्याच्या रानात गेली आणि पाणी उपसायचं तेलाचं इंजिन थोरल्याच्या वाट्याला. कुणी हुशारीनं केल्या होत्या की वेंधळेपणानं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. चांगल्या सालात हे खपून गेलं असतं. दुष्काळात विहिरीत रात्रभर झिरपून जे पाणी साठे, त्यावर सकाळी इंजिन जेमतेम अर्धा तास चाले. पंधरा मिनिटं एकानं आपल्या झाडांच्या आळ्यांत पाणी घ्यायचं, पंधरा मिनिटं दुसऱ्यानं. त्या तेवढ्या पाण्यावर दोघांची झाडं जगवायची होती.

"मग घड्याळ बघा की," मी म्हणालो.

"दोन घड्याळं हायत. एक दादांचं, एक माजं. दोन्हीत चार मिनटांचा फरक. रोज सकाळी त्याच्यावरनंच सुरू."

"गजराचं घड्याळ आणा."

"इंजनाच्या आवाजात गजर कुनाला ऐकू येतोय? आन् घड्याळाला काटा हाय, मिस्तरी. काटा फिरवता येतो." त्यानं काचेतल्या फळीकडं बोट केलं. "ह्याला काटाच न्हाई."

मला तो माणूस तिथंच आवडला. पण एक अट घातली. सर्किट मी बांधून देणार नाही, त्यानं स्वतः बांधायचं. दुष्काळात गिऱ्हाइकं कमी झाली होती, आणि शिकवायची खाज मला जन्माची आहे.

त्याला समजावलं तसंच तुम्हाला सांगतो. एक माठ घ्या. त्यात बारीक धारेनं पाणी सोडा. माठ एका खुणेपर्यंत भरला की एक दिवा विझतो आणि दुसरा लागतो. विजेचा हा माठ म्हणजे कंडेन्सर. धार बारीक करणारा तो रेझिस्टन्स, आणि खुणेवर नजर ठेवून बसलेले ते ट्रान्झिस्टर. धार कमीजास्त करायला रेडिओच्या आवाजाला असतं तसलं एक फिरवायचं बटण. फिरवून फिरवून पंधरा मिनिटं जुळवली, की झालं. माठाला मात्र चीर नको. चीर असली तर धार चालूच राहते आणि माठ काही वेळेवर भरत नाही.

हे सगळं मांडायचं कशावर, असं त्यानं विचारलं. साहेबाच्या देशात शिकाऊ लोक पाव कापायच्या फळीवर खिळे ठोकून त्यावर तारा ओढत, म्हणून असल्या फळीला ब्रेडबोर्ड म्हणतात. आमच्याकडं पाव कापायची फळी कुणाच्या घरात असणार? मी म्हणालो, "घरात बसायचा जुना लाकडी पाट असेल बघा. वाळलेलं, चांगलं लाकूड असतं. त्यावर पितळी खिळे ठोका." ही माझी पहिली चूक, पण ती कळायला वेळ लागला. मी त्याला कागदावर आकृती काढून दिली, तीन मणी दिले आणि बाकीचं सामान पुडीत बांधून दिलं.

आठ-दहा दिवसांनी भानुदास एसटीतून तो पाट मांडीवर घेऊन आला. खिळे इतके सरळ ओळीत ठोकले होते की परेडला उभे केल्यासारखे. पण दिवा लागत नव्हता. आणि मणी दोनच होते.

"तिसरा कुठाय?"

तो ओशाळला. "पेटतो का बघावं म्हनून नुसता सेलांना लावून बघितला. एक श्वासभर पेटला, लई झकास पेटला. मग गेला."

चार सेलांना मधे रेझिस्टन्स न घालता लावला, की एलईडी असाच जातो. प्रत्येक शिकाऊ माणूस एक मणी असा घालवतोच. मीही घालवला होता, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

बिघाड शोधायची माझी एक पद्धत होती, ती त्याला शिकवली. आधी वस्तूला जेवायला मिळतंय का बघायचं, म्हणजे सेल. मग मिळतंय ते पोचतंय का, म्हणजे तारा आणि जोड. मग कुणी उलटा बसलाय का, कारण कंडेन्सरला आणि एलईडीला पुढची-मागची बाजू असते. आणि शेवटी, हे सगळं बरोबर असेल तरच एखादा भाग मेला म्हणायचं. आपली माणसं नेमकी उलटीकडून सुरू करतात, आधी "ट्रान्झिस्टर उडाला" म्हणून मोकळी. मी हात मागं बांधून उभा राहिलो आणि त्याला एकेक खिळा तपासायला लावला.

सेल ठीक होते. एक मणी उलटा होता, तो त्यानं स्वतः ओळखून फिरवला. तरी अंधारच. मग मीटरची टोकं एका तारेच्या दोन टोकांना लावली, तर काटा हलेना. तार अखंड दिसत होती, तांबूस, चकचकीत.

"ही तार कुठली?"

"जुन्या मोटारीच्या वायंडिंगची. घरात लई हाय."

वायंडिंगच्या तारेवर वार्निशाचा थर असतो. दिसतो तांब्यासारखाच, पण वीज आत शिरू देत नाही. त्यानं सगळ्या जोडण्या त्या तारेनं केल्या होत्या आणि एकही टोक खरवडलं नव्हतं. मी त्याला सुरी दिली. दोन तास तो टोकं खरवडत बसला, मी त्याच्या मागं कथलाचे डाग देत गेलो. शेवटचं टोक बसलं आणि डावा मणी लागला. भानुदासनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. पंधरा मिनिटांनी डावा विझला, उजवा लागला. संध्याकाळपर्यंत आम्ही सात वेळा तो खेळ बघितला. सातही वेळा पंधरा मिनिटं.

त्यानंतर दोन महिने तिकडची काही खबर नव्हती. मी निश्चिंत होतो.

मग एके दिवशी दुकानात पन्नाशीचा, फेटेवाला, जाड मिशांचा माणूस आला. काखेत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. काउंटरवर ठेवून त्यानं फडकं सोडलं. आत तोच पाट.

"मी भानुदासचा थोरला भाऊ. रंगनाथ." बसा म्हटलं तरी तो बसला नाही. "मिस्तरी, ह्याच्यात काय लबाडी करता येती का?"

मी सवयीनं पिवळं फडकं उचललं. पाटावर धूळ होती, इंजिनाच्या तेलाचे शिंतोडे होते, तांबडे-पिवळे डाग होते. बोलता बोलता मी खिळ्यांच्या मधून, कोपऱ्यांतून बोट घालून सगळं लखलखीत केलं. "लबाडी म्हणजे?"

"पयली पाळी भानुदासची. ती मीच दिली, धाकटा हाय म्हनून. दुसरी माजी. घड्याळ बघायचं न्हाई असं आमचं ठरल्यालं. पन माझी पाळी निम्म्याच्या वर गेली की पंप फेस टाकायला लागतो, पानीच संपतं. म्हनून मी परवा चोरून घड्याळ बघितलं. त्याची पाळी एकोनीस मिनटं चालली. माजी पंधरा. काल बी तसंच."

मी सर्किट चालू केलं. पंधरा मिनिटं. पुन्हा केलं, पंधरा मिनिटं. रंगनाथराव उभ्यानं बघत होते. तिसऱ्यांदाही पंधरा मिनिटं झाली, तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग रानात येळ कसा वाढतो?"

इथं मला "माहीत नाही" म्हणता आलं असतं. धंद्यात हे दोन शब्द सगळ्यात जड जातात. माझ्या हाताखाली झालेलं काम, मी तपासलेलं, आणि समोर कुणीतरी त्यावर शंका घेतोय. मी म्हणालो, "यंत्र खोटं बोलत नाही, रंगनाथराव. हे बटण कुणीतरी फिरवत असणार."

रंगनाथरावांनी पाट पुन्हा फडक्यात गुंडाळला, नीट गाठ मारली आणि गेले. मी दुसरा रेडिओ पुढं ओढला.

पंधरवड्यानं भानुदास आला. उन्हातून चालत आल्यासारखा चेहरा. पाणी विचारलं तर नको म्हणाला.

"मिस्तरी, तुमी दादांना काय बोलला?"

मी आठवून सांगितलं. सांगताना माझं मलाच ते वाक्य नको झालं.

"मी बटनाला हात लावला न्हाई," तो म्हणाला. "एक दिवस तर दुसरा दिवा लई येळ लागंना, तर मीच उठून पानी दादांच्या दांडात सोडलं. पन आता कोन ऐकतंय? दादा माझ्याशी बोलत न्हाईत. बाजार झाला की इंजन उचलून घरी न्येनार म्हनत्यात. इंजन गेलं की माजी हीर कोरडी राहिली काय आन् भरली काय, सारखंच. आन् त्यांचं इंजन बी हीर नसताना काय करायचं? दोघांची बी झाडं जळतील, मिस्तरी. बापानं लावल्याली झाडं हायत."

बाजार तीन दिवसांवर होता. दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद केलं, पिशवीत मीटर, डागाचं सामान, पोस्टात वापरतात तसली लाखेची कांडी आणि पिवळं फडकं टाकलं, आणि दुपारच्या एसटीत बसलो.

वाडीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दोन्ही घरांतून जेवायचं बोलावणं आलं. एकाकडं जेवलो तर दुसऱ्याचा माझ्यावरचा विश्वास जाणार, म्हणून एसटीतच डबा खाल्लाय असं खोटं सांगितलं आणि शाळेच्या ओसरीवर उपाशी झोपलो. झोपण्याआधी मात्र एक काम केलं होतं. विहिरीवर इंजिनाची दगडी, पत्र्याच्या छपराची खोली होती, तिच्यात देवळीत तो पाट ठेवलेला असे. दोघा भावांना समोर उभं करून मी सर्किट चालवलं. पंधरा मिनिटं. मग काडी ओढून लाख वितळवली, बटणावर ओतली आणि माझ्या अंगठीचा ठसा उमटवला. "आता बटण फिरलं तर लाख तुटेल," म्हणालो. भानुदास लाखेकडं बघत होता, रंगनाथराव भानुदासकडं.

सकाळी दिवस उगवायला आम्ही तिघं विहिरीवर जमलो. थोड्या वेळानं रंगनाथरावांची बायको, सरूवहिनी, आली. हातात पूजेचं ताट, पाण्याचा तांब्या. पंचेचाळिशीची, डोक्यावर घट्ट पदर. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण ती धाकट्या दिराला, "भाकरी खाल्ली का?" असं विचारून पुढं गेली. तिनं इंजिनाच्या चाकाला हळदकुंकू लावलं. मग देवळीतल्या पाटावर तांब्यातल्या पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडले, हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि हात जोडले. पाणी देणारी वस्तू, त्यात सकाळची वेळ. मीसुद्धा हात जोडले.

इंजिन धडधडायला लागलं. भानुदासनं सर्किट चालू केलं, डावा मणी लागला. तो बागेत आळ्यांकडं पळाला. मी आणि रंगनाथराव दिव्यांसमोर बसलो, हातात दोघांची घड्याळं. चौदा मिनिटं. पंधरा. सोळा. डावा मणी आपला पेटलेलाच.  सतरा. अठरा. एकोणीस होऊन वर थोडं गेल्यावर उजवा लागला.

रंगनाथरावांनी देवळीत वाकून लाख बघितली. अखंड होती, माझ्या अंगठीचा ठसा जसाच्या तसा. त्यांनी तिच्यावर अंगठा फिरवला, आणि तिथंच इंजिनाच्या ओट्यावर मटकन बसले. स्वतःच्या पाळीचं पाणी घ्यायला उठायचंही त्यांना सुचेना. भानुदासनंच दांडाची माती फोडून पाणी त्यांच्या झाडांकडं वळवलं.

दुसरी पाळी मी पुन्हा मोजली. बरोबर पंधरा मिनिटं, पण पाणी त्याआधीच संपलं.

आता दोष माणसाचा नाही हे नक्की झालं. मग कुणाचा? सेल तेच, खिळे तेच, बटण लाखेत पुरलेलं. पहिल्या पाळीत आणि दुसऱ्या पाळीत बदललं काय? मी पाटावर वाकलो. माठाच्या, म्हणजे कंडेन्सरच्या, दोन खिळ्यांच्या मधे हळदीकुंकवाचा एक पट्टा पसरला होता. कडेनं वाळून भुकटी झालेला, मधे अजून जरासा ओलसर. आणि विहिरीचं पाणी त्या दिवसांत इतकं मचूळ, खारं की भाजी शिजेना; खाऱ्या पाण्यातून वीज सहज जाते.

हीच ती चीर. ओल्या कुंकवातून वीज थेंबथेंब पाझरत होती, म्हणून माठ उशिरा भरत होता. इंजिनाच्या धगीनं कुंकू वाळलं की चीर बुजे आणि दुसरी पाळी बिनचूक होई. माझ्या दुकानात पाट आला तेव्हा त्यावर हेच डाग होते, आणि मी ते रंगनाथरावांशी बोलता बोलता, मोठ्या तोऱ्यात पुसून टाकले होते. बिघाड माझ्यापुढं काउंटरवर येऊन बसला होता, तो मी फडक्यात गोळा करून झटकला, आणि मग म्हणालो की यंत्रात बिघाड नाही.

मी वहिनींना म्हणालो, "सकाळी केलीत तशीच पुन्हा एकदा पूजा करा."

इंजिन बंद होतं. विहीर कोरडी. त्यांनी थेंब शिंपडले, हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मी सर्किट चालू केलं आणि आम्ही चौघं त्या दोन तांबड्या मण्यांसमोर बसून राहिलो. पंधरवड्यात ते तिघं एवढा वेळ एका जागी बसले नव्हते. पंधरा मिनिटं झाली, दिवा बदलला नाही. मी पाट पुसला, फुंकर घालून वाळवला, पुन्हा चालू केला. पंधराव्या मिनिटाला उजवा मणी लागला.

वहिनींना सगळ्यांच्या आधी कळलं. त्यांनी ताट खाली ठेवलं. "म्हंजी माज्यामुळं? आवो, ह्या पाटावर आमचं घट बसायचं. चौदा वर्सं मी ह्याच्यावर घट बसवलं. वाटनीत भावजींकडं गेला. तो हितं दिसला, तर कुंकवाबिगर कसा ठिवायचा?"

"चूक तुमची नाही वहिनी," मी म्हणालो. "पाट आणायला मीच सांगितलं. दुकानात आला तेव्हा न बघता पुसला, तोही मीच."

एवढं बोललो आणि थांबलो. भानुदास माझ्याकडं बघत होता. तो कशाची वाट बघतोय ते मला स्पष्ट कळत होतं. "हे बटण कुणीतरी फिरवत असणार" हे वाक्य मी त्याच्या भावासमोर परत घ्यायला हवं होतं. त्याऐवजी मी कंडेन्सर, ओल, पाझर, मचूळ पाणी यावर बोलत राहिलो, आणि रंगनाथराव मान हलवत राहिले. पन्नास वर्षं झाली, अजून त्याची लाज वाटते.

शेवटी रंगनाथराव उठले. "झालं गेलं. इंजन हितंच राहील." मग देवळीकडं हात करून भावाला म्हणाले, "भान्या, हे दिवं आता दे मिस्तरीला. आपल्याला काय गरज? तू म्हनशील ती पंधरा मिनटं."

भानुदासनं पाटाला हात लावला, पण उचलला नाही.

"राहू द्या, दादा," तो म्हणाला. "तुमचा इस्वास बसला. माजा अजून बसला न्हाई."

 वहिनींनी तोंडाला पदर लावला. रंगनाथराव बागेत निघून गेले आणि एकाच झाडाची वाळकी फांदी बराच वेळ मोडत राहिले.

मी दुपारपर्यंत थांबून बिस्किटाचा पत्र्याचा डबा कापून पाटावर बसेल असं झाकण केलं, मण्यांपुरती दोन भोकं पाडली. वहिनींना म्हणालो, "कुंकू आता या झाकणावर वाहा. वरून कितीही वाहिलंत तरी चालेल." त्यांनी लगेच वाहिलं. परतीच्या एसटीला भानुदास सोडायला आला, मला खिडकीची जागा मिळवून दिली, आणि नीट जपून जा म्हणाला. मला त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

इंजिन राहिलं, झाडं राहिली. काही जळाली, पण दोघांची सारखीच. दर तीन-चार महिन्यांनी भानुदास नगरला येई आणि सेल बदलायचे म्हणून चार सेल घेऊन जाई. पुढच्या सालात पाऊस झाला, विहीर भरली, इंजिन दिवसभर चाललं तरी पाणी हटेना असं झालं. तरी तो सेल न्यायला येतच होता. "अजून लागतं का हो ते?" असं मी एकदा विचारलं. "लागतं," एवढंच म्हणाला. नंतर नंतर तो दुकानाची पायरी चढताना दिसला की मी उगाच एखाद्या रेडिओत डोकं घालायचो. गिऱ्हाईक येऊ नये असं वाटणारा मी नगरातला एकटाच दुकानदार असेन.

मग एका हिवाळ्यात सेल न्यायला कुणी आलं नाही. आणखी दोन महिने गेले. संक्रांत झाल्यावर एके दिवशी सकाळी रंगनाथराव आले. एका हातात लोणच्याची बरणी, काखेत धोतराच्या फडक्यातली वस्तू. या खेपेला न सांगता बसले.

"ही बरनी घरच्यांनी दिली. लिंबाचं हाय," ते म्हणाले. "आन् हे भानुदासनं दिलं. म्हनला, मिस्तरीला द्या."

मी काही विचारायच्या आतच त्यांनी सांगितलं. दिवाळीच्या सुमाराला सेल उतरले होते. भानुदासनं ते बदलले नाहीत, तसाच विहिरीवर आला. स्वतःची झाडं भिजवून झाली तसा बांधावरून ओरडला, "दादा, माजं झालं. घ्या तुमी." रंगनाथरावांनी घड्याळ बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. "किती मिनटं झाली मला म्हाईत न्हाई, मिस्तरी," ते म्हणाले, आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "मला म्हाईत करून घ्यायचंच न्हाई."

तेव्हा कुठं मला ते बोलता आलं. "रंगनाथराव, मी इथं उभा राहून बोललो ते चूक होतं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं मी म्हणालो नाही."

त्यांनी हात हलवला. "तुमी बोलला. पन ऐकायला मला बी गोड लागलं हुतं."

ते गेल्यावर मी धोतराचं फडकं सोडलं. बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर जवळजवळ दोन वर्षांचं हळदकुंकू साठलं होतं, थरावर थर, मण्यांच्या भोकांपाशी फक्त बोटानं साफ केलेलं. माझा हात काउंटरच्या उजव्या बाजूला गेला. पिवळं फडकं उचललं, आणि तसंच खाली ठेवलं. पाट झाकणासकट काचेत ठेवला. दुकान कायमचं बंद केलं त्या दिवसापर्यंत तो तिथंच होता, न पुसलेला.